दरबानकाकांचा दावा

चाकाच्या बॅगेचा आवाज जिन्यात आला की दरबानकाका उठून उभे राहत. जेवत असले तर घास ताटात ठेवून, पेपर वाचत असले तर पेपर हातात धरून, आणि एकदा तर शेकायची रबरी पिशवी पाठीला बांधलेलीच ठेवून ते उभे राहिले होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. सगळी नोकरी एका मोठ्या हॉटेलच्या काचेच्या दारात गेलेली. बॅग दिसली की पुढे व्हायचं, एका हाताने दार ओढायचं, दुसऱ्या हाताने बॅग घ्यायची आणि म्हणायचं, "या, प्रवास बरा झाला ना?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पितळी बटणांचा कोट शेजारच्या पोरांनी शाळेच्या नाटकाला म्हणून नेला तो परत आलाच नाही. पण पाय अजून नोकरीतच होते. त्यांना निवृत्तीचं कुणी कळवलंच नव्हतं.

अशा माणसाने बॅगवाल्या पाहुण्यांपायी कोर्टात दावा लावला म्हटल्यावर बिल्डिंगमधली माणसं हसली, तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. सगळ्यांत आधी तर काकूच हसल्या. म्हणजे ज्यांच्यासाठी दावा लावला त्याच.

काकूही त्याच हॉटेलातल्या. काका पुढच्या दारात आणि काकू मागच्या बाजूला धुलाईत. चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांचे ढीग तिथे रोज येऊन पडत, आणि बायका दोघी-दोघींनी मिळून चादरीची टोकं धरून घड्या घालत. काका नवे लागले तेव्हा त्यांना मिळालेला कोट आधीच्या एका धिप्पाड दरबानाचा होता, बाह्या पार बोटांवर यायच्या. त्या आखूड करून घ्यायला म्हणून ते धुलाईत गेले आणि त्यानंतर कोटाचं काही ना काही सारखं बिघडायला लागलं. बटण तर इतक्यांदा तुटलं की धुलाईच्या मुकादमबाईंनी शेवटी विचारलं, कात्री घरून आणतोस की इथेच कुणाची घेतोस? सगळ्या बायका हसल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत, खाली मान घालून बटण शिवत राहिल्या. त्यावरून काकांनी काय ते ओळखलं.

लग्नानंतर एक गोष्ट मात्र काकूंनी सुरुवातीलाच स्पष्ट केली होती. बाजारातून परत येताना काका सवयीने पुढे होऊन दार उघडायला लागले, तेव्हा त्या जिन्यातच थांबल्या.

"दार उघडायची नोकरी तुमची हॉटेलात," त्या म्हणाल्या. "घरी माझं दार मी उघडते."

काकांनी ते हसण्यावारी नेलं. ते तसं नेण्यासारखं नव्हतं, हे त्यांना फार पुढे कळलं, काकूंची नजर जायला लागली तेव्हा.

काचबिंदू झाला होता आणि लक्षात यायला उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेना. दाराची चौकट खांद्याला लागायची आणि काकू चौकटीलाच रागवायच्या. मग समोरचंही जायला लागलं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी काकांनी दवाखान्याबाहेर त्यांचा हात धरला. काकूंनी रस्ता ओलांडेपर्यंत तो धरू दिला आणि पलीकडे गेल्यावर सोडवून घेतला. त्यानंतर पूर्ण दिसेनासं होण्याच्या आत त्यांनी घर आणि जिना पाठ करून घेतला. डोळे मिटून चढायचं, डोळे मिटून उतरायचं. कठड्याचं लाकूड कुठे खरखरीत आहे, जिन्याच्या वळणावर फुटक्या खिडकीतून वारा कुठे अंगाला लागतो, आणि तळाशी आलं की इस्त्रीच्या दुकानातली गरम कापडाची वाफ कशी नाकात शिरते, ते सगळं. काका मागून जायला लागले की त्या थांबायच्या आणि वळून म्हणायच्या, "अहो, घरी दूध उतू जाईल." गॅसवर दूध नसायचंच. पण काका परत फिरायचे.

त्या एकट्या खाली जात, हीच काकूंची दिवसातली मोठी गोष्ट होती. जायचं ठिकाणही ठरलेलं, ते इस्त्रीचं दुकान. इस्त्रीवाला त्यांना मावशी म्हणायचा आणि चादरींची घडी घालायचं काम त्यांच्याकडे द्यायचा. एक टोक तो धरायचा, एक टोक काकू. काम म्हणून नाही, बसल्या बसल्या. पण कुणी घडी वाकडी घातली तर काकूंच्या बोटांना ती लगेच कळायची आणि मग त्या बिचाऱ्याला हॉटेलच्या मुकादमबाईंच्या भाषेत ऐकून घ्यावं लागायचं. दुपारच्या जेवणाला त्या वर यायच्या तेव्हा त्यांच्या हातांना इस्त्रीचा वास यायचा आणि चेहरा असा असायचा की काकांना त्या धुलाईतल्या मुलीची आठवण व्हायची.

काका-काकूंच्या दारासमोर एकच दार होतं, मास्तरीणबाईंचं. मध्ये छोटा पॅसेज आणि लगेच जिना. मास्तरीणबाई आयुष्यभर एकट्या राहिल्या आणि एकट्याच गेल्या, आणि घर त्यांच्या भाच्याला मिळालं. भाचा दुसऱ्या गावी नोकरीला. माणूस गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. त्याने घराला रंग दिला, नवे पडदे लावले आणि दाराला नंबराचं कुलूप बसवलं.

"थोड्या थोड्या दिवसांसाठी माणसं येतील राहायला, काका," तो म्हणाला. "तुम्ही समोर आहात म्हणून मी निर्धास्त."

खरं सांगायचं तर काका तेव्हा मनातून खूश झाले. इतक्या वर्षांनी जिन्यात परत चाकांचा आवाज! नंबराचं कुलूप पाहुण्यांना उघडायचं नाही, कारण दार जरा वर उचलून धरल्याशिवाय ते उघडतच नसे, आणि हे मास्तरीणबाईंच्या वेळेपासून फक्त काकांना माहीत होतं. ते दार उघडून द्यायचे, बॅग आत ठेवून द्यायचे, पाणी हवं का विचारायचे. घरी आले की काकू म्हणायच्या, "झाली का ड्यूटी?" त्या पाहुण्यांच्या चादरी तळमजल्यावर इस्त्रीला जायच्या आणि घडी घालायला काकूंच्याच हातात यायच्या. हॉटेल सुटलं सुटलं म्हणतोय तर ते पत्ता शोधत घरापर्यंत आलं, असं त्या इस्त्रीवाल्याला सांगायच्या. दोघांनाही मजा वाटत होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे कोर्टात हेच निघालं.

मजा संपली ती बॅगांमुळे. सकाळी जुन्या पाहुण्यांनी घर सोडायचं, दुपारी नव्यांनी यायचं आणि मधल्या वेळात साफसफाईवाली बाई घर आवरायची, अशी पद्धत होती. पण ज्यांची गाडी संध्याकाळची असायची ते बॅगा पॅसेजमध्ये ठेवून गावात फिरायला जायचे. जे लवकर पोचायचे तेही बॅगा पॅसेजमध्ये ठेवून चहाला जायचे. म्हणजे नेमकं काकूंच्या खाली जायच्या आणि वर यायच्या वेळेला पॅसेजचा रेल्वे फलाट झालेला असायचा. काका पाहुण्यांना सांगायचे, पाहुणे लगेच बॅगा बाजूला घ्यायचे, मनापासून माफी मागायचे. आणि दुसऱ्या दिवशी निघून जायचे. सांगितलेलं माणूस जायचं आणि न सांगितलेलं यायचं. मास्तरीणबाईंशी एकदा कचऱ्याच्या डब्यावरून काकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, पण ते एकदाच झालं आणि डब्याचा प्रश्न कायमचा मिटला. भांडायचं तरी समोरचं माणूस टिकायला हवं ना! इथे शेजार रोज नवा.

एका सकाळी काकू बाहेर पडल्या आणि एका बॅगेच्या पट्ट्यात त्यांचा पाय अडकला. त्या जिन्याच्या तोंडाशी पडल्या. मनगट मोडलं. ज्यांची बॅग होती ते नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. दोघं नुकतीच जिना उतरून खाली गेली होती; आवाज ऐकून धावत परत वर आली, मुलगी रडायलाच लागली, मुलाने काकूंना उचलून रिक्षात बसवलं आणि दोघं दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्यांची गाडी चुकली. जाताना मुलगी काकूंच्या पाया पडली. आता या पोरांवर रागवायचं तरी कसं? काकांना राग आला होता, प्रचंड आला होता, पण तो ठेवायला जागाच मिळेना.

प्लास्टर निघालं, हात बरा झाला. पण काकू खाली गेल्या नाहीत. उद्या जाईन म्हणाल्या, मग थंडी आहे म्हणाल्या. एकदा काकांनी त्यांना चोरून पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलेलं, आणि त्या पावलाने त्या समोरची फरशी हळूहळू चाचपत होत्या. फरशी मोकळी होती. तरी त्यांनी पाऊल आत घेतलं आणि दार लावून घेतलं. काकांनी हात धरून नेण्याचं सुचवलं तर त्यांनी हात पदराखाली घेतला. इस्त्रीवाल्याने चादरींचं गाठोडं वर पाठवलं, मावशींचं मन रमेल म्हणून, ते त्यांनी तसंच परत पाठवलं. त्यानंतर त्या दिवसभर पलंगावर भिंतीला टेकून बसायला लागल्या. हाताला इस्त्रीचा वास यायचा बंद झाला. काकांना घर खायला उठलं.

मग त्यांनी ठरवलं, पॅसेज मोकळा करून घ्यायचा. दुसरं काही नाही. पाहुणे येवोत, जावोत, दोन दारांमधली तेवढी फरशी मोकळी राहू दे.

मागणी एवढीशीच, त्यामुळे लगेच होईल असं काकांना वाटलं. ते आधी बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडे गेले. घर भाच्याचं, आत कोणाला ठेवायचं हा त्याचा प्रश्न, म्हणून सेक्रेटरीने हात वर केले. काका म्हणाले, आतलं नाही हो, बाहेरचं बोलतोय. बाहेर म्हणजे नगरपालिका, सेक्रेटरी म्हणाले. नगरपालिकेतला कारकून सज्जन होता, त्याने बसायला खुर्ची दिली. अशा घरांसाठी नियम तयार होतोय, तो होईपर्यंत आमच्या हातात काही नाही, त्याने समजावलं. तोवर शेजाऱ्यांची भांडणं कोर्टात जातात. काका म्हणाले, पण आमचं भांडण नाहीये. मग तक्रार कशाची, असं कारकुनाने विचारलं, आणि काका खुर्ची जागेवर सारून उठले. पोलीस चौकीवर हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि बॅग कुणाची होती ते विचारलं. त्या पोरांची नावं काका सांगणार नव्हते. सगळ्यांनी मिळून त्यांना असं टोलवत टोलवत शेवटी कोर्टात नेऊन पोचवलं.

वकीलबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. भाच्याला नोटीस पाठवायची, मनाईहुकूम मागायचा, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. दावा दाखल झाल्याचं काकांनी घरी सांगितलं तेव्हा काकू हसल्या, ते हे.

"तुम्ही? पाहुण्यांना कोर्टात खेचणार?" त्या म्हणाल्या. "न्यायाधीशांची बॅग उचलू नका म्हणजे झालं."

पण बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या, त्यामुळे काकांना तेवढ्यावरही दावा वसूल झाल्यासारखं वाटलं.

कोर्टाच्या तारखा म्हणजे वाट बघणं. काकांना त्याचं काही वाटलं नाही, उभं राहायची सवय होती. अडचण वेगळीच झाली. कोर्टाच्या खोलीचं दार स्प्रिंगचं होतं, हात सोडला की धाडकन आपटायचं. दुसऱ्याच तारखेला काका त्या दारापाशी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते धरून ठेवायला लागले. फायली घेतलेले कारकून, काठी टेकत येणारे म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या बायका. कोर्टाचा शिपाई तर स्टूल घेऊन निवांत बसला. भाच्याचा वकील दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला, चारही वेळा काकांनी दार धरलं आणि चारही वेळा तो "थँक्यू" म्हणाला. वकीलबाई लांबून बघत होत्या. त्या दिवशी दाव्याचा पुकारा झाला तेव्हा काका एका बाईंची पिशवी हातात धरून उभे होते.

सुनावणी खरी झाली ती बऱ्याच तारखांनंतर. भाचा आला होता. त्याने आधी काकांना वाकून नमस्कार केला आणि काकूंच्या हाताची चौकशी केली. मग त्याचा वकील उठला. त्याच्याकडे कागदांचा गठ्ठा होता. घरात राहून गेलेली माणसं घराबद्दल चार शब्द लिहून ठेवतात, ते अभिप्राय त्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. एकाने लिहिलं होतं, समोरचे काका म्हणजे देवमाणूस, बॅगा स्वतः वर आणून दिल्या. दुसऱ्याने लिहिलं होतं, कुलूप उघडेना तेव्हा काकांनी उघडून दिलं आणि थंड पाणी दिलं. एका बाईने लिहिलं होतं, समोरच्या काकूंना डोळ्यांनी दिसत नाही, पण जिन्यात वळणावर जपा म्हणून त्यांनीच आम्हाला सांगितलं. घर ठीक आहे, शेजार उत्तम, परत येऊ. असं पानामागून पान. यातले बरेच अभिप्राय काकू पडल्यानंतरचेही होते.

काकांना आधी बरंच वाटत होतं. हॉटेलात इतकी वर्षं काढली, पण त्यांच्याबद्दल असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मग त्यांनी वकीलबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हे सगळं आपल्याच विरुद्ध वाचलं जातंय हे त्यांना कळलं.

"हे काका म्हणजे तुम्हीच ना?" भाच्याच्या वकिलाने विचारलं.

"मीच."

"बॅगा उचला म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला या पाहुण्यांचा त्रास होतो, हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

काकांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, जिन्यात एखादी बाई बॅग ओढत असली, तर घरात बसून नुसता आवाज ऐकत राहायचं का?"

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशही गालात हसले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. काका एकटेच गंभीर होते, कारण त्यांनी खरोखरच विचारलं होतं.

न्यायाधीश मात्र चांगले होते, हे काकांनी नंतर घरी प्रत्येक वेळी सांगितलं. त्यांनी हसू आवरलं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, असं थेट काकांनाच विचारलं. पॅसेज मोकळा हवा, काका म्हणाले. बायको एकटी खाली जाते. मग थांबले आणि म्हणाले, जायची. त्यावर न्यायाधीशांनी टेबलावरचा कागद बाजूला ठेवला. या भाच्याला मी हुकूम देऊ शकतो, ते म्हणाले, पण भाचा तिथे राहत नाही. बॅग ठेवतो तो माणूस माझ्यासमोर नाही आणि उद्या तो वेगळाच असेल. आज दिलेला हुकूम रोज पाळून कोण घेणार? नगरपालिकेचा नियम येऊ घातलाय, तो या अशाच गोष्टींसाठी आहे. तोवर दोन्ही बाजूंनी मध्यस्थासमोर बसावं. सगळं बरोबर होतं. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि हाती काही लागलं नव्हतं. नगरपालिकेने कोर्टाकडे पाठवलं होतं, कोर्टाने परत नगरपालिकेकडे बोट दाखवलं. बाहेर आल्यावर काकांना रडू येईल असं वाटलं. त्यांनी स्प्रिंगचं दार पकडलं आणि मागून येणारी माणसं संपेपर्यंत ते धरून ठेवलं.

वकीलबाई त्या दिवशी चिडल्या होत्या. निकाल लागेपर्यंत तरी एकाही बॅगेला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. काकांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दुपारी जिन्यात चाकांचा आवाज आला तेव्हा ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले. बॅग एक पायरी चढायची, आपटायची, थांबायची. धापा ऐकू येत होत्या.

"अहो, बाई आहे," पलंगावरून काकू म्हणाल्या. "दम लागलाय तिला."

"वकीलबाईंनी सांगितलंय."

"त्या काय इथे बसून ऐकतायत?"

काका उठले.

मग एकदाचा नियम आला. पेपरात छापून आला, नगरपालिकेच्या फलकावर लागला. काकांनी चष्मा पुसून तो वाचला. जाण्यायेण्याच्या वाटेत सामान ठेवायचं नाही, असं त्यात अगदी स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी ती ओळ परत परत वाचली. आणि तिच्या खाली लिहिलं होतं की अशा प्रत्येक घराची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती त्याच इमारतीत राहणारी असावी, वाट मोकळी राहते की नाही ते तिने पाहावं, आणि तिच्या नावाची पाटी दारावर लावावी.

भाचा दुसऱ्याच आठवड्यात हजर झाला. मध्यस्थाच्या खोलीत सगळे बसले.

"काका, तुमच्याशिवाय आहे कोण?" तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तर मला कुणीतरी पगारी माणूस नेमावा लागेल. तो काय, नावाला राहील. बॅगा तशाच पडतील. तुम्ही असलात तर एक बॅग बाहेर दिसणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही."

तो खोटं बोलत नव्हता, हाच तर त्रास होता. काकांना त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्यासाठी त्याची चूकच सापडेना. दावा सुरू ठेवला तर, त्यांनी वकीलबाईंना विचारलं. शेवटी कोर्टही हा नियमच दाखवेल, पण उशिरा, त्या म्हणाल्या. मिळतंय ते घ्या.

"म्हणजे मी जिंकलो का?" काकांनी विचारलं.

"तसं म्हणायला हरकत नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहायला लागल्या.

काकांनी दावा मागे घेतला. समोरच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली. बॅगा आता त्यांनी स्वतःच्या बाहेरच्या खोलीत ठेवून घ्यायच्या, गाडीच्या वेळेला काढून द्यायच्या, असं ठरलं. काकूंना त्यांनी यातलं अर्धंच सांगितलं. नियम आलाय म्हणाले, पेपरातली ओळ वाचून दाखवली. बॅगांचं विचारलंस तर आता ती माणसं घरात ठेवतात, इतकंच म्हणाले. कुणाच्या घरात, ते बोलले नाहीत. पाटीचं तर त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"म्हणजे पॅसेज आपोआप मोकळा असणार?" काकूंनी विचारलं.

"नियमच आहे तसा."

"सगळ्यांना माहीत असतो तो?"

"हो," काका म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण हे एवढं सहज आलं.

काकूंनी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केस नीट विंचरले, बाहेरच्या चपला मागितल्या, त्या पुसून घेतल्या आणि हात मोडल्यापासून कोपऱ्यात उभी असलेली काठी हातात घेतली. काकांचा जीव सुपाएवढा झाला. न्हाव्याकडे जाऊन येतो, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं, दार उघडलं, बाहेरून ओढून घेतलं आणि पॅसेजमध्येच थांबले. समोर दोन बॅगा होत्या, त्या त्यांनी उचलून मास्तरीणबाईंच्या घरात सारल्या. एक बूट राहिला होता, तो सदऱ्याखाली धरला. चपला काढून हातात घेतल्या आणि ते पाटीखाली, भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभे राहिले.

दार उघडलं. काकूंनी पाऊल बाहेर टाकलं, फरशी चाचपली. मग दुसरं पाऊल. काठी उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, कुठेही काही लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे इस्त्रीच्या दुकानातून वर येताना असायचं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, लाकडाच्या खरखरीत जागेवरून बोटं फिरवली, जणू विचारपूस केली, आणि पहिली पायरी उतरल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे एवढंच हवं होतं. एवढ्यासाठी ते सगळं केलं होतं.

काकू वळणाच्या खिडकीपर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात खालून चाकांचा आवाज आला. बॅग पायरीवर आपटली. धापा टाकत कुणीतरी बाई विचारत होत्या, अजून किती वर जायचंय.

काकांचे पाय आधी हलले. तोंड नंतर.

"या, प्रवास बरा झाला ना?"

म्हणाले आणि जिथल्या तिथे थिजले. काकू वळणावर थांबल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, वळवून उपयोगही नव्हता. खिडकीतल्या वाऱ्याने त्यांच्या पदराचं टोक हलत होतं.

"तुम्ही न्हाव्याकडे गेला होता ना?" त्या म्हणाल्या.

काकांनी हातातल्या चपलांकडे पाहिलं.

"बॅगा होत्या बाहेर?"

"होत्या."

"तुम्ही काढल्यात."

"हो."

"उद्याही काढणार. परवाही. मी कधी निघते ते बघत उभे राहणार."

"अगं, फरशी मोकळी मिळाली ना तुला," काका म्हणाले. "आता काहीच नाही तिथे."

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी ते सहन केलं असतं, त्याची सवय होती. पण त्या नुसत्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"मला वाटलं, ती मोकळी असते," त्या म्हणाल्या.

मग त्या वळल्या आणि हळूहळू वर यायला लागल्या. काकांनी पुढे केलेला हात त्यांना दिसला नाही, पण तो कुठे असेल हे त्यांना माहीत असावं, कारण भिंतीच्या कडेने त्या त्याला वळसा घालून गेल्या. दाराशी आल्यावर त्यांनी चौकट शोधली आणि कडी स्वतःच्या हाताने उघडली.

"त्या बाईंची बॅग घ्या आधी," आत जाताना त्या म्हणाल्या. "आवाजावरून जड वाटतेय."

दार बंद झालं. काकांनी बूट पाटीखाली ठेवला, चपला पायात घातल्या आणि ते खाली गेले. बाई घामाघूम झाल्या होत्या. नियम वाचलाय, सामान कुठे ठेवायचं तेवढं सांगा, असं त्या म्हणाल्या. काकांनी बॅग उचलली. खरंच जड होती.